मुलाच्या नात्याची वाटणी

२० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीच्या राजवाड्यात चार-पाच वर्षांच्या एका मुलाचं नाव बदललं. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या भाऊबंदांपैकी वासुदेवरावांचा हा मुलगा, आनंदराव. गंगाधरराव महाराज अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचा आणि लक्ष्मीबाईंचा पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. म्हणून आनंदरावाला यथाविधी दत्तक घेतलं आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. समारंभाला कंपनी सरकारचे मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हजर होते. दुसऱ्याच दिवशी महाराज वारले. नवे वडील या मुलाला जेमतेम एक दिवस लाभले.

पुढचं राजकारण शाळेच्या पुस्तकात असतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ च्या मार्चमध्ये झाशी खालसा झाली. पुस्तकात सहसा न येणारा भाग मला इथे मांडायचा आहे. कंपनीने हा दत्तक सरसकट नाकारला नव्हता, फक्त राज्यापुरता नाकारला होता. गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेपुरता हा मुलगा त्यांचा कायदेशीर वारस आहे, हे तिला मान्य होतं. एकच मूल, एकच विधी, तेच साक्षीदार; पण गादीसाठी तो परका ठरला आणि तिजोरीसाठी मुलगा.

बरं, ही अर्धी मान्यता तरी त्याच्या उपयोगी पडली का? खाजगी ठेव राणीसाहेबांना द्यावी, अशी शिफारस गव्हर्नर जनरलचे एजंट माल्कम यांनी केली होती. त्यावर डलहौसीचं म्हणणं असं पडलं, की कायद्याने जे दत्तक मुलाचं आहे ते त्याच्या आईला देण्याचा सरकारला अधिकार नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत सुमारे सहा लाख रुपये सरकारने आपल्याकडे ठेवून घेतले. त्याच्या मुंजीची वेळ आली तेव्हा आईने त्यातले एक लाख मागितले. मोठेपणी मुलाने दावा केलाच तर ही रक्कम परत मिळेल, अशी हमी देणारे जामीनदार उभे केल्यावरच ते मिळाले. ज्या बाईने या मुलासाठी कलकत्त्यापर्यंत आणि लंडनपर्यंत अर्ज केले, तिलाच मुलाच्या हिताचं नाव पुढे करून अडवलं गेलं. मुलाला काय हवं, हे कोणी विचारल्याची नोंद मला सापडलेली नाही.

दामोदररावांचे आईवडील भांडून वेगळे झालेले नव्हते. मृत्यू, दत्तकविधान आणि एका परक्या सत्तेचा लोभ यांनी त्यांचं बालपण घडवलं. तरीही आज आईबाबा वेगळे राहतात त्या घरातल्या मुलाची अवस्था समजून घ्यायची तर मला याहून नेमकं उदाहरण सापडत नाही. दोन घरं असल्याचं दुःख मूल सोसू शकतं, कित्येक मुलं ते चांगलं सोसतात. त्याचं नातं कामापुरतं मान्य होतं आणि काम सरलं की अमान्य होतं, हे मात्र त्याला सोसवत नाही. शाळेची फी भरायची असते तेव्हा तो बाबांचा मुलगा असतो. बाबांच्या घरच्या लग्नाला किंवा आजोबांच्या वर्षश्राद्धाला जायचं म्हटलं की नसतो. आईजवळ तो आईचा असतो. पण एखाद्या दिवशी त्याने हट्ट केला, आवाज चढवला, की ‘अगदी बापावर गेलाय’ हे वाक्य येतं, आणि त्या घटकेला तो आपल्याच घरात अर्धा परका होतो. तिकडे बाबांकडची आजी मायेनेच विचारते, ‘आई काय म्हणते रे? कोण कोण येतं तुमच्याकडे?’ मुलाला त्या मायेतली चौकशी कळते. इथे तिथलं बोलायचं नाही, तिथे इथलं बोलायचं नाही, हे ते फार लवकर शिकतं. सात-आठ वर्षांचं मूल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं एकेक शब्द तोलू लागतं, आणि आपण त्याला ‘समजूतदार’ म्हणतो. ही समजूत नव्हे, ही भीती आहे.

माझं म्हणणं असं, की मुलाचं आईशी आणि बापाशी असलेलं नातं तुकड्यातुकड्यांनी मान्य करता येत नाही. ते अख्खं मान्य करावं लागतं आणि ते टिकवण्याचा हक्क मुलाचा असतो. आईबापांनी एकमेकांविरुद्ध वापरायचा तो हक्क नाही. आपली घरं, आपले नातेवाईक आणि बऱ्याच अंशी आपला कायदाही हे उलट धरून चालतो.

आजची झाशीच घ्या: हे नोकरीतल्या बदल्यांचं शहर आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन, १८९५ पासूनचा रेल्वेचा वर्कशॉप, छावणी, भेलचा कारखाना. नोकरीपायी आलेली आणि पुढे गेलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांत मराठी घरंही आहेत. १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न जिथे झालं ते गणेश मंदिर आजही इथल्या मराठी माणसांचं एकत्र येण्याचं ठिकाण आहे. अशा लहान समाजात कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. गणपतीच्या दिवसांत मूल आईबरोबर आलं की बाबांकडच्या ओळखीच्या बाया तिला टाळतात. बाबांबरोबर आलं की आईकडची माणसं त्याला जवळ घ्यायला कचरतात. एरवी ज्या आधाराला लोक समाज म्हणतात, तो या मुलाच्या वाट्याला नेमका अशा वेळी येत नाही.

आणि मग सुट्टी. बाबांची बदली भुसावळला, आई झाशीत, असं कितीतरी घरांत असतं. संसार धड असेल तर हे अंतर नुसतं अंतर असतं: भोपाळ, इटारसी, खंडवा, की आलं भुसावळ. संसार मोडला असेल तर तोच प्रवास खटल्याचा मुद्दा होतो. पेशीच्या तारखेला ठरतं की मूल मे महिन्यातले किती दिवस कुठे राहील, स्टेशनवर कोण सोडेल, कोण घ्यायला येईल, रोज रात्री फोन करायचा की एक दिवसाआड. या गोष्टी ठरवाव्या लागतात, त्याला माझी हरकत नाही. नीट ठरवून लिहिलेल्या बऱ्याच. माझी हरकत आहे ती या गोष्टींच्या सौद्याला. पोटगी थकली म्हणून आईने भेट बंद करायची, भेट बंद झाली म्हणून बापाने पोटगी थांबवायची. कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींवर टांगलेल्या नाहीत. पोटगीची वसुली न्यायालयातून होते, भेटीचा आदेश मोडला तर त्यालाही वेगळी दाद आहे. घरात मात्र मूल हेच तारण होऊन बसतं. झाशीच्या खजिन्यातल्या ठेवीचं तेच झालं होतं: नाव मुलाचं आणि दोर मोठ्यांच्या हातात.

पोटगी थकवणाऱ्या बापाची बाजू मी घेत नाही. मुलाच्या दुधाचे, वह्यांचे, औषधाचे पैसे थकवणं हा मुलावरचा अन्याय आहे, आणि आपल्याकडे तो सर्रास होतो. एकट्या आईच्या अंगावर मूल टाकून वर्षातून एकदा वाढदिवसाला महागडं खेळणं घेऊन येणाऱ्या माणसाला बापपण निम्मंही कळलेलं नाही. पण त्याच्या चुकीची शिक्षा मुलाने का भोगावी? बाप नालायक ठरला तरी मुलाच्या मनातली बापाची जागा रिकामी होत नाही. ती कशाने भरायची हे मुलाला ठरवू द्यावं, आणि त्यासाठी त्याने बापाला आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

आता कायद्याकडे येतो. मुलांच्या पालकत्वाचा प्रश्न आपण अजूनही मुख्यतः दोन जुन्या कायद्यांनी सोडवतो: १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम. दुसऱ्या कायद्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई, असा क्रम आहे. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, असंही तिथेच म्हटलं आहे. या ‘नंतर’चा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच घ्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सांगितलं. आईला पालक म्हणून स्वतःच्या मुलाच्या कागदावर सही करता यावी, यासाठी स्वतंत्र भारताला बावन्न वर्षं लागली. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला, हे याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. एकाच कागदावर दोघांची नावं असणं ही छोटी गोष्ट नाही. आईबाप एका छपराखाली राहत नसतील तेव्हा तर मुळीच नाही.

पालकत्वाच्या याच दोन कायद्यांत एक मोठी गोष्टही आहे: मुलाचं हित सर्वांत वरचं. १८९० च्या कायद्याने तर मूल समजण्याच्या वयाचं असेल तर न्यायाधीशांनी त्याची इच्छा लक्षात घ्यावी, अशी मुभा दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारावर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच्या नवव्या कलमात, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, वेगळ्या झालेल्या दोन्ही पालकांशी नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क मुलाला दिला आहे. बाराव्या कलमात त्याच्यासंबंधीच्या निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क आहे. मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि दूरच्या पालकाशी बोलणं, भेटणं चालू राहिलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मधल्या एका निकालात स्पष्ट म्हटलं. म्हणजे तत्त्व आहे, ते मान्यही आहे. प्रत्यक्ष खटल्यात मात्र एक बाजू अर्जदार असते, दुसरी जाबदार, आणि ज्याच्याबद्दल सगळं चाललंय त्याचा स्वतःचा वकील नसतो. मूल न्यायालयात येतं ते बहुतेक कोणाच्या तरी बोटाला धरून, आणि ज्याचं बोट धरलंय त्याच्या मनातलंच ते बोलणार, असं सगळे धरून चालतात. बऱ्याचदा तसं होतंही. म्हणून त्याला विचारूच नये, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. ‘तुला कोण हवं?’ हा प्रश्न क्रूर आहे, तो विचारू नये. ‘तुझा दिवस कसा जातो? कोणाला फोन करावासा वाटतो? कशाची भीती वाटते?’ हे विचारता येतं. प्रशिक्षित समुपदेशकाने, दोन्ही पालक बाहेर असताना आणि एकाहून जास्त वेळा भेटून विचारलं, तर मूल उत्तर देतं.

या साऱ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मारहाण करणाऱ्या, दारूच्या धुंदीत मुलासमोर बायकोला फरफटवणाऱ्या माणसाकडेही मुलाने जायचं का? नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार न्यायदंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा पीडित बाईला देता येतो आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेटही नाकारता येते. ती नाकारलीच पाहिजे. हिंसा सोसून घरात राहिलेल्या आईबद्दल आणि हिंसेतून बाहेर पडलेल्या आईबद्दल आपल्या समाजात जे बोललं जातं ते ऐकताना संताप येतो. मुलाचं नातं अख्खं मान्य करायचं म्हणजे त्याला धोक्यात लोटायचं नव्हे. पण तिथेही मुलाला खरं सांगावं लागतं. ‘बाबा परदेशी गेले’, ‘बाबा आपल्यासाठी मेले’ ही वाक्यं मुलाला वाचवत नाहीत. ‘ते मारतात, म्हणून आपण त्यांच्यापासून दूर आहोत, आणि यात तुझी काही चूक नाही’, एवढं वाक्य पाच वर्षांच्या मुलाला पेलतं.

दुसरा आक्षेप जुनाच आहे: मुलांसाठी तरी एकत्र राहा. रोज भांडणाऱ्या किंवा वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोन माणसांच्या मध्ये जेवायला बसलेलं मूलही दोघांच्या मधेच असतं. त्याला तारखा आणि स्टेशनं नसतात, इतकाच फरक. घटस्फोटाने मूल तुटतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ती जेवणं पाहिलेली नाहीत.

दोघांच्या मधल्या मुलाची फार जुनी गोष्टही झाशीजवळच भेटते: तासाभराच्या अंतरावर चिरगाव आहे, हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांचं गाव. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘यशोधरा’ हे काव्य लिहिलं, आणि त्यात बुद्धांची पत्नी यशोधरा हिच्याबरोबर त्यांच्या लहानग्या राहुललाही ठळक जागा दिली. राहुलची मूळ गोष्ट बौद्धांच्या विनयपिटकात आहे. वडील घर सोडून गेले तेव्हा हा तान्हा होता. परंपरेने तो सात वर्षांचा सांगितला जातो, तेव्हा वडील कपिलवस्तूला आले. आईने त्याला शिकवून पाठवलं, की ते तुझे वडील, त्यांच्याकडे आपला वारसा माग. मुलगा मागे मागे गेला. बुद्धांनी आपले शिष्य सारिपुत्त यांच्याकडून त्याला प्रव्रज्या, म्हणजे संन्यासाची दीक्षा, दिली. आजोबा शुद्धोदन व्याकूळ होऊन आले आणि म्हणाले, की आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ते मानलं आणि संघाचा तसा नियम केला. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, मूल आईच्या मुखातले शब्द घेऊन बापाकडे गेलं. वारसा हवा होता तो आईला, आपल्या वेदनेची दखल म्हणून. दुसरी, चुकीची जाणीव करून दिल्यावर नियम बदलला गेला. अडीच हजार वर्षांपूर्वी एका आजोबांच्या बोलण्यावरून हे होऊ शकलं. आजच्या आजी-आजोबांना आपल्या शब्दाचं वजन कळलं तर किती खटले सौम्य होतील!

राहुलच्या उलट, आईच्या वेदनेचं ओझं मुलावर न पडल्याचं उदाहरण मला मराठीतच दिसतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई टिळक त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. छोटा दत्तू आईजवळ, कर्मठ सोयऱ्यांमध्ये वाढत होता. बाटलेल्या माणसाला मेलेला समजण्याचा तो काळ. लक्ष्मीबाईंचा नवऱ्यावर राग होता, त्यांनी वेड लागण्याइतकं दुःख केलं, पण नवरा आपल्याला मेला असं त्यांनी धरलं नाही. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही धर्मांतर केलं. प्रत्येक घरात असं पुनर्मीलन व्हावं, असा माझा आग्रह नाही. ते क्वचितच होतं आणि व्हायलाच हवं असंही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते मुलाचं पुढचं आयुष्य. मोठेपणी या दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाची काळजी वाहिली. वडिलांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरू केलं, त्यांच्या मागे आईने त्याचा फार मोठा भाग लिहिला, आणि शेवटचा अध्याय मुलाने लिहून ते पुरं केलं. जुन्या दुराव्यात कोणा एकाची बाजू घेऊन जगावं लागलेल्या मुलाच्या हातून हे झालं नसतं.

तेव्हा करायचं काय? काही गोष्टींना न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. शाळांनी दोन्ही पालकांचे फोन नंबर लिहून घ्यावेत, प्रगतिपुस्तक दोघांना पाठवावं, स्नेहसंमेलनाला दोघांना बोलवावं. न्यायालयाने मनाई केली असेल तेवढा अपवाद. पालकसभेत ‘याचे वडील कुठे आहेत?’ हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. आजी-आजोबांनी सुनेची किंवा जावयाची निंदा नातवंडासमोर करू नये, कितीही खरी असली तरी. दोन्ही घरांत मुलाचा एकेक कप्पा असावा, त्याच्या कपड्यांचा, पुस्तकांचा, रंगपेटीचा. पिशवी घेऊन पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखं जायचं, हे त्याच्या वाट्याला येऊ नये. दिवसांची निम्मी-निम्मी मोजणी करून न्याय होतो, या कल्पनेवरही माझा विश्वास नाही. दीड वर्षाच्या मुलाला लागतो तो नेम आणि चौदा वर्षांच्या मुलीला लागते ती मोकळीक वेगळी असते. वेळापत्रक मुलाच्या वयाबरोबर बदललं पाहिजे.

न्यायालयांकडून अपेक्षा मोठी आहे. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि बाप यांना पालक म्हणून समान दर्जा द्यावा, योग्य तिथे संयुक्त ताबा द्यावा आणि पालकांनी मुलाच्या संगोपनाचा आराखडा करावा, असं सुचवलं. त्यासाठी कायद्यात करायच्या दुरुस्त्यांचा मसुदाही जोडला. १९५६ च्या कायद्याचं सहावं कलम मात्र आजही ‘बाप, आणि त्याच्यानंतर आई’ असंच आहे. हा मसुदा संसदेत यावा म्हणून आपल्या खासदारांना पत्र लिहा. आणि तुमच्या ओळखीत, भाऊबंदांत, शेजारी असं मूल असेल तर त्याला ‘तू कोणाकडे असतोस?’ असं विचारू नका. त्याच्या आईची आणि बाबांची, दोघांचीही चौकशी त्याच्याकडे सहज, एका वाक्यात करा, आणि उत्तराची वाट न पाहता त्याला खेळायला जाऊ द्या.